आधी आजीची खाट, मग दिवाणखाना

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याने जुने घर वाढवून पाहिले नसावे. नवे घर बांधताना जागा मोकळी असते, माणसे दुसरीकडे राहत असतात आणि भांडण झालेच तर पैशावरून होते. जुने घर वाढवताना माणसे आतच, चूल आतच. आणि कोण कुठे निजणार हा प्रश्न निघाला की सगळ्या पिढ्यांची मने उघडी पडतात. दिवाळीच्या तोंडावर घरोघर रंगसफेदी नि दुरुस्तीचे बेत चालले आहेत, तेव्हा थोडे कडू बोलते. आपण जुनी घरे कर्ज काढून वाढवतो आणि वाढवतो ती पाहुण्यांसाठी, घरच्यांसाठी नव्हे. हा माझा आरोप आहे.

मी राहते ठाण्याला, टेंभी नाक्याशी. नवरात्रात नाक्यावर देवी बसली की सारे ठाणे इथे लोटते. एरवीही गजबज कमी नसते. या गर्दीत जुनी घरे आता मोजकीच उरली. ज्यांची उरली त्यांच्यात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पाडा. दुसरा म्हणतो, वाडवडिलांची वास्तू, खिळाही हलवू नका. माझे दोघांशीही भांडण आहे.

पाडणाऱ्यांना एक गोष्ट मी आधीच देऊन टाकते. जे खरोखर जीर्ण झाले ते पाडलेच पाहिजे. ४ ऑगस्ट २०१५ च्या मध्यरात्रीनंतर आमच्याच ठाण्यात, नौपाड्यात, एक जुनी इमारत कोसळली आणि झोपेतली दहाहून अधिक माणसे गेली. महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात ‘सी-१’ म्हणून नोंदलेल्या घरात एक रात्रही राहू नये. पण जुने म्हणजे जीर्ण नव्हे. याच नाक्याजवळचे बेने इस्रायली ठाणेकरांचे शार हाशमायिम हे प्रार्थनामंदिर १८७९ सालचे आहे आणि आजही उभे आहे. घर वयाने पडत नाही. फुटलेले कौल, तुंबलेली पन्हळ आणि भिंतीत रुजलेला पिंपळ त्याला पाडतात, आणि हे तिन्ही आपल्या डोळ्यांदेखत वाढतात.

आणखी एक गोष्ट घराला पाडते : आपली हौस. कौले उतरवून वर स्लॅब घालायचा आणि त्यावर आणखी एक खोली चढवायची, हा सध्याचा सोपा उपाय. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण गणित पाचवीचे आहे. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस फुटाला सुमारे तीस किलो. लाकडासह कौलांचे सहा-सात. म्हणजे दहा बाय बाराच्या एका खोलीवर जिथे पाऊण टन होते तिथे आपण साडेतीन टन ठेवतो. आणि ठेवतो कशावर, तर मातीत किंवा चुन्यात रचलेल्या, पन्नास-साठ पावसाळे प्यालेल्या भिंतीवर! तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने सांगितली आहे. ती फी भरताना आपला हात आखडतो. छताच्या नक्षीवर मात्र तो सढळ सुटतो.

आता दुसरा पक्ष. माजघर तसेच हवे, मोरी तशीच, जिना तसाच. ही भक्ती बहुधा त्या मंडळींची असते ज्यांना त्या मोरीत उकिडवे बसून भांडी घासावी लागत नाहीत. निवासी जिन्याची पायरी साडेसात इंचांहून उंच नसावी, असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. जुन्या लाकडी जिन्याला फूटपट्टी लावून पाहा. आणि मग भरल्या पोटाने किंवा दुखऱ्या गुडघ्याने त्यावर एकदा चढा. संडास मागल्या अंगणात, वाटेत दोन उंबरे, बाहेर पाऊस, आणि उठणारी बाई ऐंशीची. यात परंपरा कुठे आहे? परंपरा माणसांनी एकत्र राहण्याची होती. ओल्या पायरीवरून घसरण्याची नव्हती.

या दोन पक्षांचे एका गोष्टीवर एकमत असते : दिवाणखाना मोठा हवा. आमच्या नऊ माणसांच्या घरासाठी पहिला नकाशा निघाला तो असाच. दर्शनी खोली वीस फुटांची; स्वयंपाकघर होते तेवढेच. सासूबाईंची खाट कुठे, असे मी विचारले. नकाशा काढणारे गृहस्थ म्हणाले, “हॉलमध्येच टाकू की ताई. आजींना टीव्हीही दिसेल.” सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “टीव्ही नको रे बाबा. मला दाराला कडी हवी.”

त्या कडीत सगळा विषय आला. म्हाताऱ्या माणसाला दार लावून लुगडे बदलता यावे, सुनेला घटकाभर कोणाच्या नजरेबाहेर बसता यावे, मुलाला जेवणाची ताटे उचलेपर्यंत वही घेऊन ताटकळावे लागू नये. माझ्या वर्गात अशी मुले आहेत जी गृहपाठ शाळा सुटल्यावर पायरीवर बसून उरकतात. त्यांच्या घरी सोफा मात्र असतो.

आणि आता ज्यावर कोणी बोलत नाही ते बोलते. घर वाढवायचे तर सह्या लागतात, आणि सह्यांत बहिणीची सही येते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क हे २००५ च्या दुरुस्तीने ठरले, आणि त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तरी किती घरांत ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवले जाते! बहीण सही करते. नव्या नकाशात चपलांच्या कपाटाला जागा असते; तिला माहेरी आल्यावर पाठ टेकायला नसते. तिने हक्क सोडला तो प्रेमाने, असे आपण म्हणतो. मग त्या प्रेमाला दहा बाय आठची एक खोली का मिळू नये?

पैसे कुठून आणायचे, असे विचाराल. मी अधिक पैसे मागतच नाही; क्रम मागते. आधी तपासणी, मग छत आणि पाण्याचा निचरा, मग खाटेपासून चार पावलांवर संडास, त्यात भिंतीला धरायला दांडा. मग उभ्याने काम करता येईल असा ओटा, जिना, दारे आणि कड्या. एवढे करून जे उरेल त्यात दिवाणखाना. नाही उरले तर पाहुणे ओसरीवर बसतील. पूर्वीही बसतच होते, आणि चहा तितकाच गोड लागत होता.

तेव्हा या दिवाळीत सारी भावंडे, सुना, नातवंडे एका छपराखाली जमली की नकाशाचा कागद मधोमध पसरा. पेन्सिल घरातल्या सर्वांत थकल्या हातात आधी द्या. दुसऱ्यांदा ती स्वयंपाकघरात असणाऱ्या बाईला द्या, तिसऱ्यांदा भाऊबीजेला आलेल्या बहिणीला. त्यांचे आखून झाले, की कर्त्या पुरुषांनी खुशाल रंग निवडावेत.