निवृत्तीनंतरचे काम : कोणाच्या मर्जीने?

म्हैसूर हे पेन्शनरांचे गाव असे आम्ही फार दिवसांपासून ऐकून होतो. नुकतेच संघटनेच्या कामासाठी तिकडे जाण्याचा योग आला. सोलापूरहून गोलगुंबज एक्सप्रेस थेट म्हैसूरला नेते, तेव्हा आपल्या मंडळींना ते गाव तसे परके नाही. हवा ना फार उष्ण ना फार गार, रस्ते रुंद, झाडे मुबलक, आणि सकाळी सहा वाजल्यापासून कानटोपी घालून फिरायला निघालेली साठीच्या पुढची माणसे. स्टेशनाजवळ १९७९ मध्ये उघडलेले रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे मीटरगेजची जुनी इंजिने आणि महाराणींचा सलून डबा जपून ठेवला आहे. इंजिन निवृत्त झाले की त्याला रंग देऊन, कठडा घालून सावलीत उभे करतात. ते चालवणाऱ्याचे, त्याच्याखालचा रूळ सांभाळणाऱ्याचे पुढे काय झाले, हे मात्र तिथल्या कुठल्या पाटीवर लिहिलेले नसते.

तिथे आमचे एक जुने सहकारी भेटले. सिग्नल मेंटेनर म्हणून छत्तीस वर्षे नोकरी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि आता मुलीकडे म्हैसूरला राहतात. जन्म सोलापुरात गेलेला, त्यामुळे कानडीची अडचण नाही. पहिले सहा महिने, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, 'नुसते भिंतीला टेकून' काढले. रात्री दोनला जाग यायची. फेल्युअरचा फोन येईल या सवयीने. फोन कुठून येणार? पुढे घराजवळच्या एका दुकानात पाण्याच्या पंपाची मोटार दुरुस्तीला टाकायला गेले आणि दुकानदाराचा पोरगा कॉइल चुकीची भरतो आहे हे पाहून राहवले नाही, खाली बसले. पॉइंट मशीनची मोटार आयुष्यभर खोललेला माणूस! आता आठवड्यातले तीन दिवस, सकाळी दहा ते एक, ते तिथे वाइंडिंगचे काम करतात आणि दोन पोरांना शिकवतात. मजुरी नगावर. भाव त्यांनी सांगितला, दुकानदाराने मानला. एक वाजला की हात धुऊन घरी. नातवाला शाळेतून आणायचे असते.

त्यांच्या जुन्या कार्यालयातूनही मध्यंतरी निरोप आला होता : परत या, दोन वर्षांसाठी घेतो. ते गेले नाहीत. का गेले नाहीत हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आधी निरोपाची पार्श्वभूमी. निवृत्त कर्मचाऱ्यांना पुन्हा कामावर घेण्याची पद्धत रेल्वेत काही वर्षांपासून आहे, परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये रेल्वे बोर्डाने ती मोठ्या प्रमाणावर राबवण्याचे ठरवले. सुमारे २५ हजार जागा, सुपरवायझरपासून ट्रॅकमनपर्यंत. वय ६५ च्या आत हवे, मुदत दोन वर्षे आणि ती वाढवता येण्यासारखी. पगार किती? शेवटचा मूळ पगार, वजा पेन्शन. वार्षिक वाढ नाही.

'वजा पेन्शन' हे दोन शब्द बंधूंनी नीट वाचावेत. पेन्शन ही सरकारची खिरापत नाही, मालकाच्या मर्जीवरचे बक्षीस नाही, ते पूर्वी केलेल्या सेवेचे देणे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सांगितले. म्हणून तर आपण दरवर्षी १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतो, हार घालतो, भाषणे करतो. मग जी रक्कम छत्तीस वर्षांच्या घामाबद्दल मिळते, ती आज नव्याने गाळलेल्या घामाच्या मजुरीतून कापायची कोणत्या न्यायाने? मूळ पगार साठ हजार असताना निवृत्त झालेल्या माणसाची मूळ पेन्शन तीस हजार. त्याला पुन्हा त्याच जागेवर, त्याच पाळीत, त्याच जबाबदारीने उभे केले तर प्रशासन नव्याने देणार तीस हजार. उरलेले तीस हजार तो घरी बसला असता तरी त्याला मिळतच होते. म्हणजे पूर्ण वेळ काम आणि अर्धी मजुरी! याला अनुभवाचा सन्मान म्हणायचे असेल तर म्हणोत बापडे. आमच्या हिशेबात ही स्वस्त मजुरी आहे.

पुनर्नियुक्तीत पेन्शनचा असा हिशेब सरकारी नियमांत जुनाच आहे, असे उत्तर मिळते. असेल. पण अपवाद म्हणून एखाद्या अधिकाऱ्याला घेताना लावलेला हिशेब हजारो रिक्त जागा भरण्यासाठी वापरला की तो अपवाद उरत नाही, ते धोरण होते.

आणि या जागा कोणाच्या आहेत? रेल्वेत अडीच लाखांच्या आसपास जागा रिकाम्या असल्याचे २०२३ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितले होते. दुसऱ्या बाजूला २०१९ च्या एका भरतीत सुमारे ३५ हजार जागांसाठी सव्वा कोट अर्ज आले. त्या परीक्षेच्या निकालावरून जानेवारी २०२२ मध्ये बिहार-उत्तर प्रदेशातली पोरे रुळांवर उतरली, हे आपण विसरलो नसू. रेल्वेच्या परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेली पोरे आपल्याही प्रत्येक कॉलनीत आहेत. त्यांतली काही आपलीच आहेत. बापाला पुन्हा बोलावून पोराची जागा भरायची ही युक्ती आहे, आणि तिच्यात बाप-पोरगा दोघेही नागवले जातात. आमच्या म्हैसूरच्या मित्राने एवढेच सांगितले की, रात्री सिग्नल फेल झाल्यावर पावसात बॅटरी घेऊन दोन किलोमीटर चालणे आता त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही, आणि झेपले असते तरी त्या जागेवर एखादे पोरगे बसलेले त्यांना आवडेल.

इथे वाचक म्हणतील, सेक्रेटरीसाहेब, बोलणे सोपे आहे. ज्याला निभते त्याने नाही म्हणावे, ज्याला निभत नाही त्याने काय करायचे? प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो टाळत नाही. आमच्याच भागातले एक ट्रॅकमन निवृत्त झाले. पेन्शनचा ४० टक्के भाग विकला होता, म्हणजे तो पंधरा वर्षे हातात येणार नाही. विकलेल्या रकमेत घराचे कर्ज फिटले, धाकट्या मुलीच्या लग्नाचे राहिले. आज ते एका इमारतीच्या फाटकावर बारा तासांची रात्रपाळी करतात, साप्ताहिक सुट्टी नाही. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी १९७४ च्या मे महिन्यात वीस दिवस संप केला, ज्या संपाच्या मागण्यांत आठ तासांची मागणी होती, तो माणूस साठीनंतर बारा तासांवर गेला! त्यांना रेल्वेने बोलावले तर ते जातील, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. म्हणून जे परत गेले त्यांच्याविरुद्ध संघटनेत कुजबूज चालते ती बंद झाली पाहिजे. भांडण त्यांच्याशी नाही. त्यांना पूर्ण मजुरी मिळावी, कामावर इजा झाली तर नुकसानभरपाई मिळावी, आणि त्यांना घेतले म्हणून एकही मंजूर जागा गोठवली किंवा रद्द केली जाऊ नये, हे भांडण प्रशासनाशी आहे.

अर्धवेळ कामाला आमचा विरोध नाही हे वरच्या उदाहरणावरून दिसलेच असेल. पण 'अर्धवेळ' हा शब्द फसवा आहे आणि तो किती फसवा आहे हे पोस्टातल्या बंधूंनी रेल्वेवाल्यांना शिकवावे. खेड्यातले पोस्ट चालवायला शाळामास्तर, दुकानदार असा, ज्याचे पोट दुसऱ्या धंद्यावर आहे असा माणूस घ्यायचा आणि त्याला थोडा भत्ता द्यायचा, ही इंग्रजांच्या काळची सोय. तीच पुढे एक्स्ट्रा-डिपार्टमेंटल आणि आता ग्रामीण डाक सेवक या नावाने चालू आहे. १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही पदे नागरी सेवेतली पदे आहेत. तरी खात्याच्या कायम कर्मचाऱ्याचा दर्जा आणि पेन्शन नाहीच. १ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या दरात शाखा डाकपालाला चार तासांसाठी बारा हजार आणि पाच तासांसाठी साडेचौदा हजार असा किमान भत्ता ठरला. कागदावर चार तास. बचत खाती, विमा, पार्सल, आधारची कामे यांत प्रत्यक्ष किती तास जातात ते त्या माणसाच्या बायकोला विचारा. वयाच्या पासष्टीपर्यंत, उभे आयुष्य, अर्धवेळ!

तेव्हा तास किती हा एकटा प्रश्न पुरेसा नाही. तास कोणी ठरवले, हे आधी विचारायला हवे. म्हैसूरच्या दुकानातले तीन तास आमच्या मित्राने ठरवले, डाक सेवकाचे चार तास खात्याने ठरवले, फाटकावरचे बारा तास कर्जाने ठरवले.

म्हैसुरात हा विषय काढला की विश्वेश्वरय्यांचे नाव निघणारच. तिथून जवळच त्यांचे कृष्णराजसागर धरण आहे. पण त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे आपल्याकडे गेली हे मराठी माणसाला सांगावे लागते. पुण्याच्या कॉलेजातून इंजिनियर होऊन १८८४ मध्ये ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, खानदेश, पुणे. खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे त्यांच्याच कल्पनेतले. गोऱ्यांच्या राज्यात हिंदी माणसाला सर्वांत वरची खुर्ची मिळणार नाही हे ओळखून १९०८ मध्ये, सत्तेचाळीस वर्षांचे असताना, त्यांनी ती नोकरी सोडली. त्यानंतर हैदराबादच्या पुराचे काम, म्हैसूरचे चीफ इंजिनियरपद, १९१२ ते १९१८ दिवाणगिरी. ही काही अर्धवेळ कामे नव्हेत, आणि दिवाणाची तुलना गँगमनशी करण्याइतके आम्ही भाबडे नाही. आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो दिवाणगिरी सोडल्यानंतरचा काळ. चाळीस वर्षांहून अधिक! भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना तोट्यात होता तो १९२३ ते १९२९ या काळात त्यांनी मार्गावर आणला, आणि त्या कामाचा मेहनताना स्वतः न घेता बंगळुरात पोरांना धंदेशिक्षण देणारी संस्था काढण्याकडे लावला. गंगेवर मोकामाजवळ रेल्वेचा पूल कुठे बांधावा याचा सल्ला द्यायला नव्वदी ओलांडलेला हा माणूस बिहारात गेला. त्या पुलावरून आज आपल्या गाड्या जातात.

मोठ्या माणसाला घराची चिंता नव्हती, नाव होते, बोलावणारे राजे आणि मंत्री होते. सगळे खरे. परंतु त्यांच्याकडे सल्ला मागायला गेलेल्या कोणी 'आधी तुमचे पेन्शन वजा करू' असे म्हटले नसेल! जाणत्या माणसाकडे त्याचे ज्ञान मागायचे तर कसे मागायचे, याची रीत तिथे दिसते. काम नेमके, वेळ त्याच्या सोयीची, त्या कामामुळे कोणाची बढती किंवा भरती अडत नाही.

हीच रीत ट्रॅकमनला का लागू होऊ नये? ज्याने पंचवीस पावसाळे घाटात काढले त्याला कोणत्या कटिंगमध्ये पाणी कुठून फुटते हे ठाऊक असते, आणि ते कोणत्याही मॅन्युअलमध्ये नाही. नव्या भरतीच्या पोरांबरोबर पावसाळ्याआधी त्याने महिन्यातून चार दिवस फिरावे, पूर्ण रोजावर, पेन्शनला हात न लावता. निवृत्त सॉर्टरने, निवृत्त पोस्टमास्तरने प्रशिक्षण केंद्रात आठवड्यातून दोन वर्ग घ्यावेत. असे केंद्र म्हैसुरातही आहे. शिकवण्याचे काम मंजूर जागा खात नाही, उलट त्या जागांवर येणाऱ्याला तयार करते. आमच्या मित्राला कार्यालयातून या कामाचा निरोप आला असता तर त्यांनी नाही म्हटले नसते, असे त्यांनी स्वतः सांगितले. पॉइंट मशीन शिकवायला आपण वर्षातून महिनाभर सोलापूरला येऊन राहू, असे म्हणाले. कोणी विचारलेच नाही.

दोष सगळा प्रशासनाचा नाही. निवृत्तीच्या दिवशी आपण शाल, नारळ आणि फोटो काढून मोकळे होतो. माणूस पुढे काय करतो, पेन्शन विकून आलेली रक्कम कुठे गेली, रात्री झोप लागते का, हे शाखेतला कोणीही विचारत नाही. पेन्शनचा किती भाग विकावा याचा सल्ला निवृत्तीच्या आधी दोन वर्षे द्यायला हवा, तो आपण शेवटच्या आठवड्यात, तोही फॉर्म भरताना देतो. आमचीही निवृत्ती आता दोन-चार वर्षांवर आली आहे आणि हे लिहिताना आमच्या लक्षात येते की कामगारांची निवेदने लिहिण्यापलीकडे आपल्याला हाताने काय करता येते याचा विचार आम्हीही केलेला नाही.

तरी सर्व शाखांना विनंती आहे. येत्या १७ डिसेंबरच्या पेन्शनर मेळाव्यात भाषणे थोडी कमी करून एक नोंदवही ठेवावी. आलेल्या प्रत्येकाचे काय काम झालेले आहे, काय शिकवता येईल, आठवड्यातून किती तास देण्याची इच्छा आहे, प्रकृती कशी आहे, आणि सध्या पोटासाठी काही करावे लागत असल्यास ते कोणते व किती तासांचे, हे लिहून घ्यावे. पुनर्नियुक्तीवर गेलेल्यांनी आपल्या नेमणुकीच्या पत्राची प्रत द्यावी. नाव गुप्त राहील. पोस्टाच्या व रेल्वेच्या शाखांनी जिथे शक्य असेल तिथे हा मेळावा एकत्र घ्यावा. नोंदवहीची नक्कल जानेवारीअखेर आमच्याकडे पोचली पाहिजे, म्हणजे पुढच्या बोलणीला बसताना आमच्या हातात कागद असेल.