गोडाचा रतीब

मुलांना गोड किती द्यावे, हा प्रश्न आपल्या मध्यमवर्गीय घरांत पूर्वी फारसा पडत नसे. कारण त्याचे उत्तर पंचांग आणि शिधापत्रिका या दोहोंनी मिळून दिलेले असे. होळीला पुरणपोळी, दसऱ्याला श्रीखंड, दिवाळीला करंज्या. एरवी गूळ-शेंगदाण्यांवर भागे. तो संयम बव्हंशी टंचाईने लादलेला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. आज क्रीमच्या बिस्किटांचा पुडा कोपऱ्यावरच्या टपरीतही पाच-दहा रुपयांत मिळतो. टंचाई करीत होती ते काम आता आईबापांना विवेकाने करावे लागणार आहे.

टंचाईचा तो संयम हितकर होता काय? ब्रिटनचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. महायुद्धकाळात तेथे सुरू झालेले साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि साखरेचा खप जवळजवळ दुप्पट झाला. गर्भावस्थेपासूनची पहिली दोन-अडीच वर्षे रेशनिंगमध्ये गेलेली माणसे आणि त्यानंतर जन्मलेली माणसे यांची तुलना करणारे संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात पुढील आयुष्यातील मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. त्या मुलांना साखर वर्ज्य नव्हती. ती मोजून मिळत होती, एवढेच.

‘रोज थोडे दिले की हाव राहत नाही,’ असा युक्तिवाद केला जातो. संपूर्ण बंदीने हाव वाढते, इतपत तो खरा आहे. परंतु बंदी आणि रतीब यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे. रोज मिळणाऱ्या वस्तूपासूनचे समाधान घटत जाते, सवय मात्र घट्ट होत जाते. मग कालच्या एका वडीचे काम आज दोन वड्यांनी होते.

याहून घातक प्रथा म्हणजे गोडाची लाच. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देईन,’ असे म्हणताना भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट ही मजुरी, असाच धडा आपण मुलाला देत असतो. दिवसभर राबून घरी परतणाऱ्या आईबापांजवळ वेळ नसतो आणि वेळेची भरपाई खाऊने केली जाते. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ही भरपाई मुलाला महाग पडते. तुटपुंज्या मिळकतीच्या घरात तर पुड्यावर गेलेला रुपया म्हणजे केळ्याचा, अंड्याचा किंवा फुटाण्यांचा हुकलेला रुपया असतो.

तात्पर्य, मुलांना गोड जरूर द्यावे. मात्र त्याला निमित्त असावे. सण, वाढदिवस, घरी आलेला पाहुणा, फार तर रविवारचे जेवण. ते सर्वांनी एकत्र बसून खावे, आणि हा नियम वडीलधाऱ्यांनीही पाळावा. चहाबरोबर रोज बिस्किटे खाणाऱ्या बापाचा उपदेश मुलाने ऐकावा, ही अपेक्षा अवाजवी आहे.