वय विचारण्याआधी गोळ्या मोजा



डोकेदुखी-अंगदुखीच्या गोळ्या शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या हाती सहज पडतात, तेव्हा त्या विकताना वय तपासण्याची सक्ती करावी, अशी मागणी अधूनमधून होते. त्यामागची काळजी खरी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. आपल्याकडे विषबाधेत कीटकनाशकांचा वाटा मोठा आहे, हे मान्य. पण ज्या घरात कीटकनाशक नसते, त्या घरातही पॅरासिटामॉल असतेच. त्याचे अतिसेवन फसवे असते. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही, आणि तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. म्हणजे नियम हवाच. माझे म्हणणे एवढेच, की तो गिऱ्हाइकाच्या वयावर न बेतता एका वेळी विकायच्या गोळ्यांच्या संख्येवर बेतावा.

याचा सर्वांत मोठा पुरावा ब्रिटनमध्ये आहे. तिथे १६ वर्षांखालच्या मुलांना पॅरासिटामॉल न देण्याचे धोरण अनेक सुपरमार्केट पाळतात, पण ते त्यांनी स्वतःहून घेतलेले आहे. वयाचा कायदा नाही. कायद्याने सप्टेंबर १९९८ मध्ये संख्येला हात घातला. साध्या दुकानात एका पाकिटात १६ गोळ्या, औषधाच्या दुकानात ३२. ऑक्सफर्डचे प्राध्यापक कीथ हॉटन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पुढच्या ११ वर्षांचा हिशेब मांडला. इंग्लंड आणि वेल्समध्ये पॅरासिटामॉलच्या विषबाधेने होणारे मृत्यू ४३ टक्क्यांनी घटले होते. पूर्वीचाच कल चालू राहिला असता तर आणखी सुमारे ७६५ माणसे गेली असती. याच कारणासाठी यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत होणाऱ्या नोंदीही ६१ टक्क्यांनी कमी झाल्या. या घटीचे सारे श्रेय पाकिटाच्या आकाराला देता येणार नाही, असा आक्षेप काही संशोधकांनी घेतला आहे आणि तो रास्त आहे. त्या काळात उपचारही सुधारत होते. पण आत्मघाताचा बराचसा प्रयत्न क्षणिक उद्वेगातून आणि घरात जे हाताशी असेल त्यानेच होतो, हे या क्षेत्रातल्या अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. घरातला साठा लहान ठेवणे हा म्हणूनच केवळ कागदी उपाय ठरत नाही. डेन्मार्कचे उदाहरण तर थेट आपल्या वादाचे आहे. तिथे २०११ मध्ये १८ वर्षांखालच्यांना या गोळ्या विकण्यावर बंदी आली, आणि तेवढ्यावर न थांबता २०१३ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या पाकिटाचा आकारही कमी करण्यात आला.

आता वयाची अट आपल्या गल्लीत आणून पाहा. ‘जा रे, आजीसाठी दोन क्रोसिन घेऊन ये’ असे सांगून दहा-बारा वर्षांच्या पोराला मेडिकलमध्ये पाठवणे हा आपल्या घरांचा रोजचा व्यवहार आहे. तो कायद्याने गुन्हा ठरवला, तर दुकानदार तो नियम मोडणार आणि अन्न व औषध प्रशासन त्याकडे पाहणार नाही. तंबाखूचे तेच झाले. १८ वर्षांखालच्यांना विक्री नाही, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्री नाही, हे २००३ पासून कायद्यात आहे; पाटी टपरीवर लटकते आणि विक्री पाटीखालीच होते. जो नियम पाळला जाणार नाही हे आधीच ठाऊक आहे, तो केल्याने पालकांना मात्र वाटत राहते की बंदोबस्त झाला.

आणि तो नियम कुठे पाळला गेलाच, तर त्याची झळ सर्वांत आधी मुलींना बसेल. पाळीच्या दिवसांत पोटात कळा येत असताना क्लास सुटल्यावर मेडिकलच्या काउंटरवर, चार पुरुषांच्या मागे उभी राहून हळू आवाजात गोळी मागणारी पंधरा वर्षांची मुलगी आपल्या प्रत्येक गावात आहे. तिला ‘घरच्या मोठ्या माणसाला पाठव’ म्हणून परतवले, तर ती दुखणे अंगावर काढेल किंवा मैत्रिणीच्या दप्तरातली नाव न कळणारी गोळी गिळेल. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडची क्वचित पण गंभीर अ‍ॅलर्जिक प्रतिक्रिया उमटू शकते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस दिला. तो त्या मुलीपर्यंत पोचवू शकेल असा माणूस काउंटरच्या पलीकडचा नोंदणीकृत औषधनिर्माताच. याआधी काय घेतलेस, सर्दीची गोळी चालू आहे का, एवढे त्याने विचारायला हवे, कारण सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते आणि नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. आधार कार्ड पाहून यातले काहीच कळत नाही.

गंमत नाही, पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ब्रिटनला जे कायद्याने साधावे लागले ते आपल्याकडे सवयीने होत आले आहे. दोन मागितल्या तर दोन, दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो. या सवयीत एक दोष आहे. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव अर्धे असते, कधी मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहून जाते. आता तर हे कापणेही कमी होत चालले आहे. ६५० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची पंधराची पट्टी अख्खी घ्यावी लागते, आणि घरपोच औषधे देणाऱ्या अ‍ॅपवर तशा कितीही पट्ट्या एका ऑर्डरीत मागवता येतात की काय, हे कुणी तपासत नाही. केंद्राने मे २०२२ मध्ये पॅरासिटामॉलसह १६ औषधे चिठ्ठीविना विकण्याचा मसुदा काढला, त्यात वापराची मर्यादा पाच दिवसांची होती. पूर्ण मात्रेने मोजली तर ५०० मिलिग्रॅमच्या ४० गोळ्या होतात, ब्रिटनमधल्या औषधाच्या दुकानापेक्षाही जास्त. त्यापेक्षा चार किंवा सहा गोळ्यांच्या, नाव आणि तारीख पूर्ण छापलेल्या छोट्या पट्ट्या काढायला उत्पादकांना भाग पाडावे, चिठ्ठीविना एका वेळी दोनच पट्ट्या मिळाव्यात, आणि अ‍ॅपलाही हीच मर्यादा लागू करावी.

कुणी म्हणेल, चार दुकाने फिरून हवा तेवढा साठा करता येईल. येईल, पण उद्वेगाच्या भरात असलेल्या मुलाला त्या फिरण्यात जो अर्धा-पाऊण तास जातो, तोच कधी जीव वाचवतो. संधिवाताच्या वृद्धांची गैरसोय होईल हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. त्यांना चिठ्ठीवर महिन्याचे औषध पूर्वीसारखेच मिळायला हवे, आणि त्यासाठी सरकारी दवाखान्यातून एकच चिठ्ठी काही महिने चालावी. छोट्या पट्टीला खर्च थोडा अधिक येईल, तो सोसावा. हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावात परवान्याविना पॅरासिटामॉल विकण्याची सवलत आजही आहे आणि तिची अट मूळ बंद वेष्टनाचीच आहे. छोटी पट्टी तिथेही बसते.

या पट्टीच्या पाठीवर दोन ओळी मराठीत असाव्यात. जास्त गोळ्या घेतल्या गेल्या असतील, तर त्रास होत नसला तरी लगेच रुग्णालयात जा. यावरचे औषध पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगले लागू पडते. आणि त्याखाली टेलि-मानस या सरकारी मोफत मदतसेवेचा क्रमांक, १४४१६.

— एक वाचक