मैदानाला पन्नास गुण, लिहिण्याला शून्य



पोलीस भरती म्हटले की वर्तमानपत्रांत एक ठरलेले छायाचित्र येते. पहाटेचे मैदान, छातीवर क्रमांक, धावणारी मुले-मुली. या आठवड्यातही ते आले आणि शेजारी यशाचे श्रेय लाटणाऱ्या अकादम्यांच्या जाहिराती. कोणाचे १६०० मीटर किती मिनिटांत झाले, कोणाचा गोळा कुठवर गेला, सगळे तपशीलवार. निवड झालेल्या या मुलाला वर्षभराने एक पंचनामा धड लिहिता येईल का, हे विचारायचे मात्र कोणाला सुचत नाही.

भरतीचे गणित सर्वांना पाठ आहे. मैदानी चाचणीला ५० गुण, लेखीला १००. लेखीत अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण; वेळ ९० मिनिटे; सगळे प्रश्न पर्याय निवडायचे. म्हणजे समास ओळखता आला, म्हणीचा अर्थ गोल काळा करून दाखवता आला की मराठी आली! दीडशे गुणांच्या या निवडीत उमेदवाराला स्वतःच्या शब्दांत सलग पाच ओळी लिहाव्या लागत नाहीत. २०२४ मध्ये १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. त्यांतून गाळून घेतलेल्या एकाच्याही हाताचे लिखाण खात्याने पाहिले नाही. शून्य गुण, शून्य ओळी.

आणि नोकरी कशाची? लिहिण्याची. स्टेशन डायरी, फिर्याद, जबाब, घटनास्थळ पंचनामा, जप्ती पंचनामा, मुद्देमालाची नोंद, आरोपीच्या नातेवाइकाला अटकेची खबर, न्यायालयात पाठवायचा अहवाल. गुन्हेगारामागे धावण्याचा प्रसंग शिपायाच्या वाट्याला क्वचित येतो. कागद रोज येतो.

निवडीनंतरचे नऊ महिने प्रशिक्षण केंद्रात जातात. पहाटे पीटी, मग परेड, शस्त्र कवायत, मधल्या वेळात कायद्याचे वर्ग. शिस्त लागते, शरीर कणखर होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण दमून आलेला जवान बाकावर बसून कलमांचे टिपण उतरवून घेतो, परीक्षेपुरते पाठ करतो आणि दीक्षांत संचलनानंतर पोलीस ठाण्यात हजर होतो. तिथे जुना हवालदार सांगतो, ‘मागच्या केसचा कागद समोर ठेव आणि नावे बदल.’ पंचनाम्याचे खरे शिक्षण इथे सुरू होते आणि बहुतेक वेळा इथेच संपते. मग वेगवेगळ्या गुन्ह्यांतले दोन साक्षीदार शब्दशः एकच बोलतात, आणि बचाव पक्षाच्या वकिलाला फार कष्ट पडत नाहीत.

याची किंमत किती असते? उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरीच्या एका खून खटल्यात आरोपीला फाशी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती रद्द करून त्याला निर्दोष सोडले. आरोपीने दाखवून दिल्यावरून वस्तू सापडल्याचा पोलिसांचा दावा न्यायालयाने ज्या कारणांनी नाकारला, त्यांत एक असे होते की आरोपी नेमके काय बोलला ते शब्द पंचनाम्यात आलेच नव्हते. असा पंचनामा करणारा १६०० मीटर किती वेगाने धावला होता, याला न्यायालयात काय महत्त्व?

त्यात १ जुलै २०२४ पासून कायदेच बदलले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करायचे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवे, आणि त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिची ओळख पटवणारा सांकेतिक क्रमांकही लिहायचा. जुन्या कायद्यातले हेच प्रमाणपत्र किती अटळ आहे, ते सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ज्या खटल्यात स्पष्ट केले, तो आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतला, उमेदवारी अर्ज भरतानाच्या चित्रफितींवरून लढला गेलेला. त्याच जालन्यात पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या आणि राज्यातल्या प्रत्येक केंद्रातल्या प्रशिक्षणार्थ्याने असे एक प्रमाणपत्र तरी स्वतः भरून, तपासून घेऊन, चुका दुरुस्त करून बाहेर पडावे, ही अपेक्षा जास्त आहे काय?

कोणी म्हणेल, तपास फौजदार करतात, शिपायाला एवढे कशाला? ही सबबही आता उरलेली नाही. राज्य सरकारने २०२५ मध्ये सात वर्षे सेवा झालेल्या पदवीधर शिपायांना किरकोळ गुन्ह्यांचा तपास करण्याची मुभा दिली. अट अशी की नाशिकच्या गुन्हे अन्वेषण प्रशिक्षण विद्यालयात सहा आठवड्यांचे प्रशिक्षण घ्यावे. निर्णय चांगला आहे. पण सात वर्षे चुकीचे कागद उतरवून मुरलेला हात सहा आठवड्यांत कसा सुधारणार? ही तयारी पहिल्याच वर्षी व्हायला हवी. तेव्हा मुलगा विशी-बाविशीचा असतो, शिकायची सवय मोडलेली नसते आणि पुढे फौजदार व्हायची उमेदही ताजी असते.

इंग्लंड-वेल्समध्ये पोलिसात यायला पदवी हवी की नको, यावर बरीच वर्षे वाद झाला आणि २०२४ पासून पदवीविना प्रवेशाचा मार्ग पुन्हा खुला झाला. तरीही नव्या शिपायाला परिविक्षेच्या दोन वर्षांत आपण केलेल्या कामाचे पुरावे नोंदींसह जमवून सक्षमता सिद्ध करावीच लागते. पदवीचा आग्रह आपल्याकडेही नको. बारावीची अट पुरेशी आहे. आग्रह असावा तो कामाच्या वहीचा.

लिहिण्याच्या या कंटाळ्याचा फटका शेवटी सामान्य माणसाला बसतो. तक्रार घेऊन गेलेल्या म्हातारीला ‘बाहेरून अर्ज टाइप करून आणा’ असे सांगणारी ठाणी आजही आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी ती पोलिसांनीच लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि प्रत विनामूल्य द्यायची असते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची, असेही नवी संहिता सांगते. असे पत्र हाती पडलेला फिर्यादी वाचकांपैकी किती जणांच्या ओळखीचा आहे?

गृह विभागाने आता तीन गोष्टी कराव्यात. पुढच्या भरतीत व्याकरणाच्या गुणांतले निदान दहा गुण एका प्रसंगाच्या लेखी वर्णनासाठी ठेवावेत. लाखो उत्तरपत्रिका तपासणे अवघड असेल तर हा पेपर अंतिम यादीच्या आधी, मोजक्या उमेदवारांचा घ्यावा. नऊ महिन्यांत प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याकडून फिर्याद, जबाब, पंचनामा आणि कलम ६३ चे प्रमाणपत्र लिहून घेऊन ते सरकारी वकिलांकडून तपासून घ्यावे. आणि या वहीचे गुण प्रशिक्षणाच्या अंतिम निकालात परेडच्या बरोबरीने धरावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. पुढची तुकडी प्रशिक्षण केंद्रात दाखल होण्याआधी याचा आदेश निघावा.

— एक वाचक, सातारा