बंदूक, बदक आणि बातम्या

गणपती तीन आठवड्यांवर आले की आमच्या घरात माळा उघडतो. गिरगावातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात माळा म्हणजे वस्तू वर जाण्याची जागा. वरून खाली येण्याचा मान फक्त मखराला. 2025 च्या श्रावणात मी त्याच मखराचे खांब शोधायला स्टुलावर चढलो. खाली आमच्या सौभाग्यवती स्टूल धरून माझ्या वयाची उजळणी करीत होत्या. खांब काही सापडले नाहीत. हाती लागले एक पुठ्ठ्याचे खोके. त्यात चिरंजीवांचा व्हिडिओ गेम!

वाचकहो, तुमच्याही घरी 1990 नंतरच्या काळात असा एखादा डबा आला असेल. निन्टेंडो नावाच्या जपानी कंपनीने 1983 साली एक यंत्र काढले. त्याच्या नकला पुढे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ढिगाने मिळत. त्या रस्त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग झाल्याला जमाना लोटला, पण रेडिओचा व्हॉल्व्ह असो की मोबाइलची काच, माणूस शोधायला जातो लॅमिंग्टन रोडवरच. यंत्रात बसवायच्या चौकोनी डब्यांना मुले ‘कॅसेट’ म्हणत. चित्र आले नाही की कॅसेट बाहेर काढून तिच्यात फुंकर मारायची, हा विधी त्यांना कोणी शिकवला देव जाणे. फुंकरीने काही होत नसे. काढून पुन्हा बसवल्याने पितळी पट्ट्या नीट टेकत एवढेच. तोंडाच्या ओलीने त्या उलट खराबच होत. पण हे मला आता कळले. तेव्हा मीही दोन-चार फुंकरा मारल्या आहेत.

त्या यंत्राशी माझे वैर होते. घरात टीव्ही एक, आणि संध्याकाळच्या मराठी बातम्या मला हव्यात. ऐन बातम्यांच्या वेळेला मिशीवाला मारिओ नळांवरून उड्या मारीत असायचा. एरियलची वायर काढून गेमची लावायची, गेमची काढून एरियलची लावायची, यावरून आमच्या घरात जेवढे तह झाले आणि मोडले तेवढे पेशवाईत झाले नसतील. “जगात काय चाललंय ते बघ जरा! डोळे जातील, अभ्यास जाईल, हातात काय राहील?” हे माझे रोजचे कीर्तन. एकच संध्याकाळ अशी, की मला बोलावे लागले नाही. 12 मार्च 1993. शेअर बाजारापासून दादरच्या प्लाझापर्यंत शहरभर स्फोट झाले होते. अकरा वर्षांच्या त्या पोराने स्वतःच गेमची वायर काढली, एरियलची लावली आणि बातम्या संपेपर्यंत माझ्या मांडीला मांडी लावून बसला.

तर ते खोके नातीने पळवले. ती आता बापाच्या तेव्हाच्या वयाची. तिच्या हट्टापायी आजोबा, नात आणि खोके अशी वरात लॅमिंग्टन रोडला गेली. एका जिन्याखालच्या दुकानात पिकल्या केसांचे कारागीर बसले होते. त्यांनी यंत्र उघडले, एक तार डागली आणि माझ्याकडून फारसे पैसे घेतले नाहीत; जुनी ओळख भेटल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. घरी येऊन भिंतीवरच्या सपाट टीव्हीला यंत्र जोडले. मारिओ धावला! पण त्याबरोबर एक प्लॅस्टिकची बंदूकही होती, बदके मारायची. ती काही चालेना. नात टीव्हीला नळी टेकवून घोडा ओढी. बदक निवांत उडून जाई आणि गवतातून एक कुत्रा वर येऊन खोखो हसे.

पुन्हा लॅमिंग्टन रोड. कारागिरांनी बंदूक पाहिली, म्हणाले, “आजोबा, बंदुकीला काही झालेलं नाही. टीव्ही नवा आहे तुमचा.” मग त्यांनी समजावले ते असे. बंदुकीतून काहीच सुटत नाही; उलट तिला डोळा असतो. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या डोळ्याला तो ठरल्या क्षणी दिसला तर बदक पडले. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र आल्याबरोबर उमटे. नवा टीव्ही आधी चित्रावर आपले संस्कार करतो, मग दाखवतो. तो उशीर निमिषाचाच, पण तोवर बंदुकीने डोळा मिटलेला असतो. नेम बरोबर, बंदूक बरोबर, तरी बदक उडून जाते.

मला ही गोष्ट इतकी आवडली की चाळीत भेटेल त्याला सांगत सुटलो. आणि माझ्याच घरात एक बदक किती दिवस उडत होते ते मला ठाऊक नव्हते.

ऑगस्टच्या 22 तारखेला सकाळी वर्तमानपत्र उघडले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक आदल्या दोन दिवसांत आधी लोकसभेत, मग राज्यसभेत मंजूर झाले होते. त्याच दिवशी राष्ट्रपतींची सहीही झाली. बातम्या मोठ्याने वाचून दाखवण्याची माझी खोड जुनी. मी वाचू लागलो: खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लागले की बंद, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चिरंजीव लोअर परळला ऑफिसला निघाले होते. बुटाची नाडी बांधता बांधता त्यांनी विचारले, “आणि खेळणाऱ्याला?”

“खेळणाऱ्याला काही नाही,” मी माहितगाराच्या तोऱ्यात म्हणालो, “त्याला बळी धरलंय कायद्याने.”

“बरं,” म्हणून ते गेले. मी पान उलटले.

लहानपणी लालबागला मामांकडे जाई, तेव्हा गिरणगावात मटका जोरात होता. मामा आकडा लावीत. पण आकडा लावायला त्यांना जिना उतरावा लागे, नाक्यापर्यंत जावे लागे, आणि मामा नाक्याकडे निघाले की चार मजल्यांच्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर येत. मामी पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर उभी राही. व्यसन होते, पण त्याला पत्ता होता. चिरंजीवांचे नाक्यावर नव्हते, खिशात होते. आवाज नाही, वायर नाही, बातम्यांच्या आड येणे नाही. मी रात्री बातम्या पाही, ते शेजारी बसून मोबाइल पाहात. मला वाटे, ऑफिसचे काम.

मूर्ती आणायला परळला गेलो होतो, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी. कारखान्याबाहेर पाट घेऊन रांगेत उभे असताना त्यांनी सांगितले. रमी. 2020 च्या टाळेबंदीत घरी बसून सुरू केली. पाच वर्षांत चार लाख सत्तर हजार. त्यातले दोन कर्जाचे. “तुम्ही बातमी वाचलीत त्या दिवशी पहिल्यांदा शांत झोप लागली,” म्हणाले. त्रेचाळीस वर्षांचा मुलगा, कानांवर केस पांढरे, माझ्याकडे न बघता पाटावरच्या लाल कापडाची घडी सारखी करीत होता.

माझ्या घशाशी जुने कीर्तन आले होते: डोळे जातील, अभ्यास जाईल. पण रमी त्याला शिकवली कोणी? मीच. आमची चाळ काही केशवजी नाईकांची नव्हे, की 1893 पासूनचा उत्सव सांगावा. पण जागरण आमच्याकडेही होते, आणि जागरणाला पत्ते. त्याला नववे वर्ष लागले तेव्हा मी त्याला शेजारी बसवून सिक्वेन्स कसा लावायचा ते दाखवले होते. पाच पैशाला पॉइंट. जिंकला तेव्हा चाळीस पैसे हातावर ठेवून पाठही थोपटली होती.

आमची पाळी आली. मूर्ती घेतली, मोरया म्हटले आणि टॅक्सीत बसलो. मूर्ती त्याच्या मांडीवर, त्यामुळे बोलणे झाले नाही. चिंचपोकळीच्या आसपास मी म्हणालो, “पोस्टातली ठेव मार्चमध्ये सुटते माझी.” तो म्हणाला, “नको.” मी म्हणालो, “बघू.” एवढेच.

रात्री सौभाग्यवतींना सांगितले. त्या दुर्वा निवडीत होत्या. म्हणाल्या, “तीन वर्षं त्याने स्वतःला नवी चप्पल घेतली नाही. मी सूनबाईला विचारलं होतं. ती म्हणाली, मलाही कळत नाही.” म्हणजे दोघींना निदान चप्पल दिसली होती. मला जगाच्या बातम्या तोंडपाठ.

तिसऱ्या दिवशी जागरण होते. आरत्या झाल्या, चहा झाला आणि खालच्या मजल्यावरच्या मंडळींनी सवयीने सतरंजीवर पत्त्यांचे दोन कॅट टाकले. “चला, बापलेक दोघेही या!” चिरंजीव उठून म्हणाले, “मी चहाची भांडी विसळतो.” मी पत्ते हातात घेतले होते, अर्धे लावलेही होते. ते तसेच पालथे ठेवले आणि म्हटले, “मला दिसत नाही हल्ली नीट,” आणि त्याच्यामागे मोरीकडे गेलो. तो कप विसळून देई, मी पुसून ठेवी. वरच्या खोलीतून कुत्र्याचे खोखो हसणे ऐकू येत होते; नात अजून सपाट टीव्हीवर नेम धरीत होती.

“जुना काचेचा टीव्ही मिळेल का रे कुठे?” मी विचारले.

“लॅमिंग्टन रोडला विचारू,” तो म्हणाला. “रविवारी जाऊ दोघे.”