काकी ‘ॲक्टिव्ह’ आहेत, कारण त्यांना पेन्शन नाही

रविवारी ज्येष्ठ नागरिकांच्या एका कार्यक्रमाला बातमीसाठी गेलो होतो. मुंबईहून आलेले वक्ते, विषय ‘आनंदी वार्धक्य’. रोज चाला, छंद जोपासा, सकारात्मक राहा, म्हातारपण मनात असतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

सोमवारी सकाळी केळव्यात शेजारच्या काकी पानवेलीच्या वाडीवर निघालेल्या दिसल्या. वय ७१. रोज चालतात, दिवसभर अंग हलतं, चार बायकांत गप्पा होतात. वक्त्यांनी सांगितलेलं सगळं त्या करतात. विचारलं, “काकी, गुडघे काय म्हणतात?”

“रोज बोलतात रे. पण बसले तर मजुरी कोण देईल?”

१९८७ साली जॉन रो आणि रॉबर्ट कान या अमेरिकी अभ्यासकांनी ‘यशस्वी वार्धक्य’ची मांडणी केली. आजार नको, हातपाय-डोकं चालतं हवं, माणसांत मिसळणं हवं, अशी पुढे तिची कसोटी ठरली. पण पास आले की नापासही आलेच. गुडघे गेले तर तुम्ही चालला नाहीत, एकटे पडलात तर छंद नव्हता. म्हणजे चूक तुमचीच, सरकार सुटलं!

आता हिशेब बघा. श्रावणबाळ योजनेत महिना १५०० रुपये मिळतात. पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १७५० रुपये, अख्ख्या घराचे! काकींचा मुलगा तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे, म्हणून काकी ‘श्रीमंत’. तो स्वतः निवृत्त होईल तेव्हा? ईपीएस-९५ ची किमान पेन्शन २०१४ साली १००० रुपये ठरली, तिथेच बसलीय. आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्यांसाठी २००७ सालीही २०० होता, आजही २००च. एवढ्यात कुठला छंद जोपासायचा?

७५ च्या वरच्यांना २०२२ पासून एसटी फुकट केली, ते चांगलंच झालं. पण केळवे रोड स्टेशनवरून गावात येणारी शेअर रिक्षा फुकट नाही.

व्यायामाला माझा विरोध नाही. डॉक्टरांनी मलाही चालायला सांगितलंय. पण निवृत्त झालेल्यांचा सल्ला, ज्यांना निवृत्तीच नाही त्यांना देऊ नका.

आपल्या भागात ज्यांचे श्रावणबाळचे अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावरून परत आलेत, त्यांनी अर्जाची तारीख आणि परत पाठवण्याचं कारण मला इनबॉक्स करावं. नाव छापणार नाही. यादी घेऊन तहसीलला जातो.