वालचंदांचे विमानकार्य आणि सोलापूरचे कर्तव्य



सोलापूरहून 2025 मध्ये प्रवासी विमानसेवा पुन्हा सुरू झाली. परंतु भारतातील पहिला विमान कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी याच शहरात झाला, या गोष्टीला शहराच्या सार्वजनिक स्मृतीत तिच्या योग्यतेचे स्थान अद्याप मिळालेले नाही. त्यांचे नाव संस्थांच्या कमानींवर आहे, हे खरे. तथापि नाव राहून कार्य विस्मरणात गेले, तर त्याला सन्मान म्हणता येत नाही, आणि वालचंदांच्या बाबतीत नेमके हेच घडत आहे.

विमानयुगाचा प्रवर्तक म्हटला की वैमानिकच डोळ्यांसमोर येतो, ही समजूत या विस्मरणाच्या मुळाशी आहे. जे. आर. डी. टाटा यांनी 10 फेब्रुवारी 1929 रोजी मिळवलेला वैमानिकाचा परवाना आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून मुंबईला आणलेले हवाई टपाल यांचा अभिमान महाराष्ट्राने बाळगावा तेवढा थोडाच. पण त्या दिवशी त्यांनी चालवलेले ‘पस मॉथ’ विमान इंग्लंडमध्ये बनलेले होते, आणि विमान याच देशात बांधता आले पाहिजे हा पुढचा, अधिक अवघड प्रश्न अजून कोणी सोडवलेला नव्हता. तो वालचंदांनी हाती घेतला. 1939 मध्ये परदेश प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी पडली. पॉली यांना चीनमध्ये विमान कारखाना चालवण्याचा अनुभव होता, आणि या ओळखीतूनच योजनेने आकार घेतला. ब्रिटिश सरकारने आरंभी या योजनेला दाद दिली नाही. महायुद्धाची झळ वाढल्यावरच तिला संमती मिळाली. म्हैसूर संस्थानाने, दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या कारकीर्दीत, सुमारे 700 एकर जमीन आणि भांडवल देऊ केले, आणि 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन झाली. 1941 मध्येच तेथे ‘हार्लो’ हे प्रशिक्षण विमान, म्हणजे नवशिक्या वैमानिकांना उड्डाण शिकवण्यासाठी वापरले जाणारे विमान, जुळवून तयार झाले. ज्या देशात मोटारगाड्यांची निर्मितीही नीट रुजलेली नव्हती, तेथे हे घडले, हे ध्यानात घेतल्यावाचून या कामाचे मोल कळणार नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. कारखाना सोलापुरात नव्हे, बंगळुरात उभा राहिला आणि 1942 मध्येच तो वालचंदांच्या हातून गेला, हा पहिला. सिंगापूर जपानच्या ताब्यात गेल्यानंतर युद्ध भारताच्या दाराशी आले, तेव्हा सरकारने वालचंदांच्या बाजूचे भाग, म्हणजे कंपनीच्या मालकीतील हिस्से, मोबदला देऊन विकत घेतले आणि पुढे तो कारखाना मुख्यतः मित्रराष्ट्रांच्या विमानांच्या दुरुस्तीसाठी राबवला. परंतु पाया घालणाऱ्याचे श्रेय मालकी बदलल्याने नाहीसे होत नाही. त्याच कंपनीतून 1964 मध्ये ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ आकाराला आली, आणि तिचा नाशिकजवळ ओझर येथील कारखाना आजही लढाऊ विमाने घडवतो. शिवाय त्या पहिल्या पिढीत डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्यासारखा कोल्हापूर जिल्ह्यातला, जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकलेला अभियंता होता. वायुगतिशास्त्र म्हणजे वाहत्या हवेचा विमानाच्या पंखांवर व धडावर होणारा परिणाम तपासणारे शास्त्र. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेले ‘एचटी-2’ हे भारतीय बनावटीचे प्रशिक्षण विमान 1951 मध्ये उडाले. वालचंदांनी कारखाना उभारला नसता, तर या बुद्धीला हात कोठे मिळाले असते?

ते नफ्यासाठी झटणारे उद्योजक होते, लोकसेवक नव्हते, हा दुसरा आक्षेप. नफा त्यांनी कमावला, यात शंका नाही. पण त्यांच्या कामांकडे पाहिले तर तो कोणत्या कामांतून कमावला, हेही दिसते. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा जलवाहिनी आणि भोर घाटातील रेल्वेचे बोगदे या कामांत त्यांचा हात होता. माळरानावर रावळगाव आणि वालचंदनगर येथे साखर उद्योगाभोवती वस्त्या उभ्या राहिल्या. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला 1955 पासून त्यांचे नाव आहे. सरकारी धोरणापुढे मान न तुकवता देशी जहाजवाहतुकीची बाजू मांडणे हे त्या काळात निव्वळ व्यापारी हिशेबाचे काम नव्हते. विशेष म्हणजे, वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या सिंदिया या जहाज कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, त्या घटनेचे स्मरण म्हणून देश दरवर्षी 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. जहाजवाहतुकीच्या क्षेत्रात वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयत्नांना असा मान मिळाला, पण विमाननिर्मितीच्या पुढाकाराला नाही, ही विसंगती दूर करण्याचा पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी सोलापूरची आहे.

सोलापूर विमानतळाला कोणाचे नाव द्यावे हा प्रश्न येथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे; नावाच्या वादात कार्य पुन्हा झाकले जाण्याचा धोका अधिक. त्याऐवजी विमानतळाच्या प्रवासी इमारतीत वालचंद, घाटगे आणि बंगळूरच्या पहिल्या कामगारांची छायाचित्रे, कागदपत्रे व विमानांच्या प्रतिकृती यांचे कायमचे दालन असावे, आणि त्याची माहिती मराठीबरोबर कन्नडमध्येही असावी, कारण हा इतिहास दोन्ही भाषिकांचा आहे. परंतु दालनापेक्षाही निकडीचे काम वेगळे आहे. सोलापुरातील कापड गिरण्या बंद पडल्यावर येथील कुशल कामगारांची मुले पुण्या-मुंबईची वाट धरतात. त्यांच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विमान देखभालीचा, म्हणजे इंजिन, चाके, सांधे व विद्युत यंत्रणा ठरावीक उड्डाणतासांनंतर तपासून दुरुस्त करण्याच्या कौशल्याचा अभ्यासक्रम सुरू करावा आणि त्यातील प्रत्यक्ष काम शिकण्यासाठी ओझरच्या कारखान्याशी करार करावा. महानगरपालिका, जिल्हा प्रशासन आणि वालचंदांच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणसंस्था यांनी एकत्र बसून येत्या 23 डिसेंबरपूर्वी याचा आराखडा जाहीर करावा, अशी मागणी या पत्राद्वारे करण्यात येत आहे.

— एक वाचक, सोलापूर